रंगनाथनांची पंचसूत्री : नियम कोणाला लागू?



आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहेत. कुणी बी.लिब. करून लगेच एम.लिब.ला आले आहे, तर कुणी दिवसा शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयात काम करून रात्री मुक्त विद्यापीठाची पुस्तके उघडते आहे. तुमच्या परीक्षेत रंगनाथनांची पाच सूत्रे ठरलेली. पाच वाक्ये, प्रत्येकाखाली चार ओळींचे स्पष्टीकरण, झाले उत्तर. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तुमच्या शास्त्राची पदवी आमच्याकडे नाही. पण ज्या ग्रंथाला तुम्ही पाया म्हणता, तो एक युक्तिवाद म्हणून वाचून पाहायला काय हरकत आहे? आज तेवढेच करू.

ग्रंथ १९३१ सालचा. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले. गणिती माणसाला पसारा आवडत नाही. ग्रंथालयातल्या शंभर रीतीभाती कशातून निघतात, याचा शोध घेत ते पाच सूत्रांवर आले. ग्रंथ असतात ते वापरण्यासाठी, हे पहिले. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि ग्रंथाला त्याचा वाचक, ही दुसरे-तिसरे. वाचकाचा वेळ वाचावा, हे चौथे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे, हे पाचवे.

आता बघा, रंगनाथन यांना 'लॉ' म्हणतात. 'लॉ' या शब्दाचे निदान तीन अर्थ होतात. एक निसर्गाचा नियम : दगड सोडला की खाली पडतो, त्याला मोडण्याची सोय नाही. दुसरा राज्याचा कायदा : तो मोडता येतो, पण मोडला तर दंड होतो. तिसरा कर्तव्याचा नियम : असे वागावे. पहिली चार सूत्रे कुठल्या खान्यात बसतात? निसर्गनियम नक्कीच नव्हेत, कारण कुलूपबंद कपाटात वर्षानुवर्षे न हललेली पुस्तके आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती 'असावे' सांगणारी सूत्रे आहेत. पाचवे मात्र 'आहे' सांगते. 'आहे'वरून 'असावे' काढता येत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवले. म्हणजे एकाच माळेत दोन जातींचे मणी ओवलेले आहेत, आणि हा दोष खरा आहे.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रंगनाथनांची खरी ताकद सूत्रांत नाही, त्यांतून त्यांनी जे काढून दाखवले त्यात आहे. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत ना? मग ग्रंथालय गावाबाहेर का? ते उघडे राहण्याच्या वेळा लोकांच्या सोयीच्या का नाहीत? फळीवरचे पुस्तक हाताला का येत नाही? तिथे नेमलेला माणूस शिकलेला का नसावा? पहिल्या प्रकरणात जागा, वेळ, फर्निचर, कर्मचारी असा एकेक निष्कर्ष ते काढत जातात. दुसऱ्या सूत्राच्या प्रकरणात तर ते सरळ विचारतात की हे करायचे कोणी, आणि राज्याचे, ग्रंथालय चालवणाऱ्या यंत्रणेचे, कर्मचाऱ्यांचे आणि वाचकाचेही कर्तव्य वेगवेगळे मांडतात. गाइडमध्ये हा भाग गळतो. पाच ओळी राहतात आणि त्या कोणावर बंधनकारक हा प्रश्न जातो. ज्या नियमाला कर्ता नाही तो नियम राहत नाही, सुविचार होतो. भिंतीवर लावायला छान, पण त्याच्या आधारे कुणाला जाब विचारता येत नाही.

रंगनाथनांनी स्वतः जाब विचारला. त्यांच्या खटपटीतून १९४८ साली मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि त्यात ग्रंथालयासाठी स्थानिक कर आला. कर भरणारा नागरिक 'माझे ग्रंथालय कुठे आहे' असे विचारू शकतो. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यात असा कर नाही. आपली व्यवस्था चालते ती मुख्यतः संस्थांनी काढलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर. जिथे संस्था काढणारी मंडळी होती तिथे ग्रंथालये उभी राहिली, आणि ती चांगली उभी राहिली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. पण जिथे अशी मंडळी नाहीत तिथल्या वाचकाने कोणाचे दार ठोठवायचे? दुसऱ्या सूत्रातला 'प्रत्येक' हा शब्द इथे अडतो.

आणि भिवंडीत तो फारच अडतो. या शहरात यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. इथे मराठी आहे, कोकणी मुसलमानांची बोली आहे, उर्दू आहे, उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी आहे, पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, उर्दूचा ८९१.४३९, तेलुगूचा ८९४.८२७. इंग्रजीला अख्खे ८२०. म्हणजे गल्लीतले शेजारी कपाटात लांब गेले. भाषाकुलाच्या दृष्टीने ही मांडणी समजते. पण कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचे हा निर्णय कारकुनी नसतो, त्यामागे जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते. तो क्रमांक नुसता पाठ करू नका, त्याच्याशी भांडा.

आता चौथे सूत्र, वाचकाचा वेळ. आजच्या अभ्यासक्रमात हेच सूत्र सगळ्यांत वजनदार झाले आहे. संगणकीकरण, बारकोड, डेटाबेस, शोधयंत्रे, सगळे त्याच्या नावाने चालते. आमचा त्याला विरोध नाही. पण वेळ वाचवण्याचे शास्त्र पाहायचे असेल तर नाशिक महामार्गाच्या कडेला आपली गोदामे आहेत. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या गोदामांत वस्तू जातवार लावाव्याच लागतात असे नाही. रिकामा खण दिसला की माल ठेवायचा. साबणाशेजारी खेळणे असले तरी बिघडत नाही, कारण खण कुठला ते यंत्राला ठाऊक असते आणि गिऱ्हाईकाने काय हवे ते आधीच सांगितलेले असते.

ग्रंथालयात येणाऱ्याला मात्र काय हवे ते पुष्कळदा नीट ठाऊक नसते. तो एक पुस्तक शोधत येतो आणि शेजारचे घेऊन जातो. तिसरे सूत्र, ग्रंथाला वाचक मिळण्याचे, या शेजारावर जगते. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या सूत्रांत ताण आहे : एक म्हणते रेंगाळू द्या, दुसरे म्हणते लवकर मोकळे करा. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नसतील तर कोणते वरचढ, याचा निवाडा करणारे सूत्र पाचांत नाही. आमच्या मते पंचसूत्रीची सर्वांत मोठी उणीव ही आहे. आणि तो निवाडा कोणी केला नाही की खर्चाचा हिशेब तो करून टाकतो. मग ग्रंथपालाची जागा रिकामी राहते, कारण गोदामाला ग्रंथपाल लागत नाही.

या ताणातून वाट नाही असे समजू नका. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बडोद्याला आणले, पुढच्या वर्षी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, आणि बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. रंगनाथनांचा ग्रंथ तेव्हा वीस वर्षे दूर होता. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल तर ग्रंथांनी चालत जावे, हे तिथे कुणीतरी ओळखले होते.

शेवटी एक विनंती. तुमच्यातले पुष्कळ जण लघुप्रबंधासाठी वाचकांच्या समाधानावर प्रश्नावली करतात. ती भरते कोण? जो आधीच ग्रंथालयात आलेला आहे तो. तो समाधानी निघतो, टक्केवारी चांगली येते, प्रबंध पास होतो. जो कधी आलाच नाही त्याचे समाधान कोणत्या रकान्यात? यंदा एकाने तरी विषय उलटा करावा. पाळी सुटल्यावर यंत्रमागाच्या दाराशी उभे राहावे आणि विचारावे : वाचता का, कुठल्या भाषेत, आणि ग्रंथालयात का येत नाही? गुण किती मिळतील ते सांगता येत नाही. पण दुसऱ्या सूत्रातल्या 'प्रत्येक' या शब्दाला अर्थ द्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.