खुणेची पोती

जालन्याच्या मोंढ्यात तुरीची आवक अंगावर आली की मापाडी कितीही तरबेज असो, काही पोती नोंदीवाचून निसटतातच. निसटली किती, हे कळावं कसं? मालात आपलीच खूण केलेली 50 पोती मिसळा. वहीत त्यांतली 45 चढली, तर बाकीच्या मालातही दहामागे एक सुटलं असं धरायला हरकत नाही. गॅमा वर्णपट मोजताना वापरतात ती पल्सर पद्धत हीच, आणि प्रयोगशाळेतल्या इतक्या देखण्या युक्त्या मी फार पाहिल्या नाहीत.

जर्मेनियम शोधकात गॅमा किरण शोषला गेला की विजेचा एक स्पंद उठतो; त्याची उंची किरणाची ऊर्जा सांगते, आणि एकाच ऊर्जेच्या स्पंदांचं वर्णपटात शिखर बनतं. एका स्पंदाची नोंद चालू असताना दुसरा आला तर तो वाया जातो. दोन एकमेकांवर चढले तर उंची चुकते आणि दोघेही आपल्या शिखरातून गळतात. उपकरणाचं ‘लाइव्ह टाइम’ घड्याळ पहिली तूट भरून काढतं. दुसरी त्याच्या हातून बरीचशी सुटते. पल्सर म्हणजे ठरलेल्या उंचीचे कृत्रिम स्पंद सोडणारं यंत्र. त्याचा स्पंद थेट प्रीॲम्प्लिफायरच्या, म्हणजे शोधकामागच्या पहिल्या वर्धकाच्या, दाराशी सोडतात, म्हणून पुढच्या वाटेवरचे सगळे धक्के तोही खातो. समजा नमुना कोबाल्ट-60 चा आहे: त्याची शिखरं 1173 आणि 1332 केईव्ही ऊर्जेवर. पल्सरचं त्यांच्या पलीकडे, मोकळ्या जागी. सेकंदाला 50 प्रमाणे 1000 सेकंदांत 50,000 सोडले आणि 45,000 सापडले, तर कोबाल्टची मोजणी 1.11 ने गुणायची.

खरी गंमत पुढे आहे. घड्याळासारखे ठरावीक अंतराने येणारे स्पंद आपसात कधी धडकत नाहीत. किरणांना तसली शिस्त नसते. म्हणून नियमित पल्सर तूट किंचित कमी दाखवतो, आणि त्याचा वेग बेताचाच ठेवावा लागतो. संशोधक विएर्निक यांनी 1971 साली नियमित आणि यादृच्छिक अशा दोन्ही पल्सरांचा विचार मांडला, तो याच पेचावर. नमुना झपाट्याने विझत असेल तर आणखी अडचण: बहुतेक किरण सुरुवातीच्या गर्दीत येतात, खुणेची पोती मात्र शेवटपर्यंत एकाच चालीने. तिथे पल्सरचा वेगही नमुन्याच्या घटत्या दराबरोबर उतरवावा लागतो. आपल्याच मोजमापावर इतका बारीक संशय घेणं मला फार मोलाचं वाटतं.

फिक्या नमुन्याला या दुरुस्तीची गरज नसते. ती लागते तापट, म्हणजे भरपूर किरण सोडणाऱ्या नमुन्याला, आणि असा नमुना प्रयोगशाळेबाहेरूनही येऊ शकतो. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात, आणि भंगारातून काय येऊ शकतं ते 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराने पाहिलं. तिथे कोबाल्ट-60 ने एका कामगाराचा जीव घेतला.