वाहनतळाचे मजले आणि पुलाचा जिना

या मालिकेत जुन्या इमारतींचा विषय निघाला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. बंद पडलेली, गळकी, निकामी इमारत पाडून तिथे ऑफिसं आणि पार्किंग उभं राहिलं, तर त्यात बिघडलं काय? शहर काय म्युझियम आहे का? प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर मुंबईच्या गिरणगावात शोधू. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग आपल्याकडे दुसरीकडे कुठे झालेला नाही.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. गिरणीबद्दल आम्ही गळा काढणार नाही. आत उकाडा, कापसाची पूस, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाच्या छातीला विचारावं, म्हणजे आठवणींचा गोडवा जरा कमी होतो. चाळीत एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे. एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्याची पथारी. इमारतीच्या बांधकामाचं क्षेत्रफळ मोजताना आज आपण ‘चटई क्षेत्र’ म्हणतो. गिरणगावात चटई ही अक्षरशः भाड्याची जागा होती.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट जमलेली होती. सकाळचा भोंगा झाला की हजारो माणसं घरातून निघून पायी गेटावर पोचायची. घर, गिरणी, खानावळ, बाजार, सगळं चालण्याच्या अंतरात. म्हणजे गिरणी ही चार भिंतींत संपणारी इमारत नव्हती. चाळ आणि रस्ता तिचेच भाग होते. पुनर्विकासाच्या चर्चेत आपण फक्त भिंतींबद्दल बोलतो, आणि चूक तिथेच सुरू होते.

आता घटनाक्रम पाहू. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. शहराच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचं ढोबळ सूत्र असं : एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. सूत्र चांगलं होतं. पण जुनी बांधकामं तशीच ठेवून त्यांचा वापर बदलला, तर वाटणी करावी लागत नव्हती. त्यामुळे काही ठिकाणी शेड वाचल्या, आत ऑफिसं आणि दुकानं आली, पण शहराला एक चौरस फूटही मिळाला नाही. हे लक्षात ठेवा. जुनी इमारत वाचली म्हणजे शहराचं भलं झालं, असं होत नाही. वारसा जपण्याची भाषा कधी कधी वाटा चुकवायलाही उपयोगी पडते.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची, असं ठरलं. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातूनच गेली. आता गिरणीच्या आवारात मोकळं काय असतं? बहुतेक जमीन बांधकामाखालीच. साहजिकच शहराचा आणि घरांचा वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मोकळी जमीन म्हणजे इमारती पाडल्यावर होणारीही, असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर इमारत पाडणं हेच सरळ फायद्याचं गणित झालं.

या सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करा, सार्वजनिक जागा एकमेकींना जोडा, असं चार्ल्स कोरिआ समितीने १९९६ मध्येच सुचवलं होतं. प्रत्यक्षात एकेक गिरणी सुटी विकली गेली, सुटी आखली गेली. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची जमीन २००५ मध्ये विकली गेली आणि तिथे काचेचे ऑफिस मनोरे उभे राहिले. प्रत्येक आवार आतून नेटकं आहे. दोन आवारांच्या मधलं शहर मात्र कोणाच्याच नकाशात नव्हतं.

आणि आता पार्किंग. इमारतीत गाड्यांसाठी जी जागा नियमाने द्यावी लागते, ती चटई क्षेत्रात धरली जात नाही. शिवाय २००८ च्या सुमारास अशी तरतूद आली की विकासकाने सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला फुकट द्यावा आणि बदल्यात जास्तीचं चटई क्षेत्र घ्यावं. कागदावर दोघांचाही फायदा. पण याचा अर्थ काय झाला बघा. गाडी उभी करायला जेवढे मजले बांधाल, तेवढी ऑफिसं जास्त बांधता येतात. रस्त्यावरच्या गाड्या आत नेण्याचा उपाय म्हणून आलेली योजना आणखी गाड्या बोलावणारी ठरू शकते, कारण जागा तयार दिसली की माणूस गाडी काढतो.

रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यातलं काय दिसतं? पूर्वी गिरणीची लांबलचक दगडी भिंत दिसायची. आता खालचे कित्येक मजले गाड्यांचे. माणसं त्याच्या वर, काचेआड. रस्त्याकडे तोंड करून ना दुकान, ना ओटा, ना खिडकी. भिंत गेलीच नाही, उलट उंच झाली. कुठे कुठे जुनी चिमणी राखली आहे. तिच्याकडे बघून आपल्याला इतिहास जपल्यासारखं वाटतं. पण चिमणी हा गिरणीचा सर्वांत कमी उपयोगाचा अवशेष आहे. उपयोगाचं होतं ते गेट आणि गेटापर्यंतची वाट.

ही टीका निव्वळ सौंदर्यदृष्टीची आहे, असं वाटत असेल तर २९ सप्टेंबर २०१७ आठवा. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ, ऑफिसची वेळ, अचानक आलेला पाऊस. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पाऊस हे निमित्त होतं. गर्दी रोजचीच होती. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, त्यांतली बहुसंख्य माणसं लोकलने येत होती, पण त्यांना उतरवणारा पूल आणि जिना अरुंदच राहिला होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून नवा पूल बांधून घेतला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. म्हणजे पूल बांधायला काही महिने पुरले. मग आधीच्या इतक्या वर्षांत तो का सुचला नाही? याचं आमचं उत्तर असं : गाडीसाठी जागा केली तर चटई क्षेत्र मिळत होतं, जिन्यासाठी केली तर काही मिळत नव्हतं. ज्याला मोबदला होता ते बांधलं गेलं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. बिघडलं काय? ऑफिसं आली हे बिघडलं नाही. शहराला रोजगार लागतो, आणि गिरण्या काही परत येणार नव्हत्या. बिघडलं ते मोजमाप. आपण जुन्या इमारतीतून फक्त क्षेत्रफळ वाचलं. तिथे किती माणसं येत होती, कुठून, कशी, हे वाचलंच नाही. घरासाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, सोडती २०१२ पासून निघू लागल्या, आणि आजही कित्येकांच्या हातात फक्त पावती आहे. गाड्यांच्या मजल्यांना एवढी वाट पाहावी लागली नाही.

आमची मागणी साधी आहे. कोणत्याही पुनर्विकासाच्या आराखड्याला मंजुरी देण्याआधी एक प्रश्न विचारावा : इथे काम करणारा माणूस स्टेशनवरून किंवा बसथांब्यावरून कसा येईल, आणि ती वाट कोण बांधणार? वाहनतळाला जसं जास्तीचं चटई क्षेत्र देता, तसं रुंद पदपथाला, पुलाला, जिन्यालाही देऊन पाहा. आमचा अंदाज आहे की विकासक तेही आनंदाने बांधतील.

तुमच्या शहरात एखादी जुनी मिल, टॉकीज किंवा वखार पाडली जात असेल, तर फलकावरचं काचेच्या मनोऱ्याचं चित्र जरूर बघा. पण त्यात चालत येणाऱ्याचं दार कुठे आहे, हे आधी शोधा. ते सापडलं नाही, तर प्रश्न विचारायची वेळ तीच आहे. नंतर विचारून उपयोग नसतो.