‘किलकारी’ : एक भाषिक परीक्षण

केंद्र शासनाच्या ‘किलकारी’ सेवेने (२०१६) मातेस साक्षरतेच्या अटीतून मुक्त केले, हे तिचे खरे यश होय. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत ‘डॉ. अनिता’ ह्या कल्पित वैद्येचे ७२ ध्वनिसंदेश दूरध्वनीवरून दर आठवड्यास ऐकविले जातात. मध्य प्रदेशातील चाचणीत (निष्कर्ष २०२२) गर्भनिरोधक साधनांचा वापर काहीसा वाढला. निव्वळ स्तनपानाचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले नाही. ह्याची मीमांसा भाषाव्यवहाराच्या अंगानेही व्हावयास हवी. तान्ह्यास पाणी देऊ नये, हा उपदेश घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या शब्दाशी अडखळतो. तेथे मातेस शंका विचारावयाची असते, परंतु डॉ. अनिता केवळ बोलतात, ऐकत नाहीत. अशा एकेरी कथनास संवाद म्हणता येणार नाही.