०.२६ नेमकं कुणाचं? : इटलीचा पेपर पाथर्डीतून वाचताना

पेपर हातात आला की आपण आधी आकडा शोधतो. मीही तेच केलं. तुम्ही मात्र आधी नमुना वाचा.

मिकेला कार्लाना आणि एलियाना ला फेरारा यांचा ‘अपार्ट बट कनेक्टेड’ (२०२१) घ्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये इटलीतल्या कॉलेजच्या मुलांनी सहावी-आठवीच्या वयाच्या, अडचणीतल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन, फुकट शिकवलं. ७६ शाळा, १,०५९ विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यातले साधारण निम्मे निवडले. त्यांची कामगिरी उरलेल्यांपेक्षा ०.२६ प्रमाण विचलनाने सरस ठरली.

तुलना चोख आहे, त्यात खोट काढू नका. प्रश्न वेगळा आहे: चिठ्ठ्या कुणाच्या नावाच्या होत्या? शाळेने सुचवलेल्या आणि पालकांनी होकार दिलेल्या मुलांच्या. म्हणजे ०.२६ हे त्या यादीचं उत्तर आहे, सगळ्या मुलांचं नाही.

आता हाच उपक्रम पाथर्डी तालुक्यात करून बघा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गेलेली होती. कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या मजुरांना गावी परतायची परवानगी एप्रिलमध्ये मिळाली. कोपीवरचं मूल तुमच्या यादीत येणार कसं? त्याला तुम्ही ‘गैरहजर’ही म्हणू शकत नाही, कारण गैरहजर लागायला आधी पटावर नाव लागतं.

‘स्मार्टफोन तर वाढलेत ना?’ असं तुम्ही म्हणाल. ‘असर’ २०२० नुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्या वर्षीची पाहणीच फोनवरून झाली होती. शिवाय फोन घरात असणं वेगळं आणि अभ्यासाच्या वेळी मुलाच्या हातात असणं वेगळं.

बोट्स्वानातल्या प्रयोगात अँग्रिस्ट, बर्गमन आणि मात्शेंग यांनी साधा फोन वापरला. ४,५५० कुटुंबं होती. नुसत्या एसएमएसने विशेष फरक पडला नाही, पण जोडीला दर आठवड्याला फोन करून शिकवल्यावर ०.१२ इतका पडला. आकडा लहान, पण आपल्याकडे हा मार्ग जास्त घरांपर्यंत जाईल. तरी ज्यांचा नंबरच नाही, ती मुलं तिथेही बाहेरच.

यात धोका कुठे आहे? यादीतली मुलं पुढे गेली आणि बाहेरची तिथेच राहिली, तर उपक्रम यशस्वी होऊनही तालुक्यातली दरी वाढते. आणि तुमच्या तक्त्यात ते दिसतही नाही!

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी लिहाच: पटावरची मुलं किती, यादीत आली किती, उरलेली का राहिली. आणि पायाचाचणी गळीत हंगामाआधी, सप्टेंबरात घ्या. डिसेंबरात गेलात तर जी मुलं मोजायची, तीच फडावर गेलेली असतील.