काळवीट पडद्यावर

आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा मागच्या वर्षी खेळाच्या तासाला मैदानावर येईनासा झाला. पायात चेंडू असला की हा पोरगा कुणाच्या हाती लागत नसे. आम्ही घरी गेलो. वडील मुसळगावच्या कारखान्यात, आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. वडील म्हणाले, "सर, फुटबॉल खेळून कुणाची रोजी चालली?" आम्ही आय. एम. विजयन यांचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, "मग आता काय करतात ते?" आम्ही म्हटलं, "सिनेमात कामं करतात." ते हसले. "म्हणजे शेवटी सिनेमातच जावं लागलं ना!"

हे हसू मनात घेऊन आम्ही विजयन यांचे चित्रपट मिळतील तसे पाहिले. मल्याळम आणि तमिळ आम्हाला येत नाही. खालच्या इंग्रजी ओळी वाचतच पाहावं लागलं.

आधी माणूस. 1969 साली केरळातल्या त्रिशूरला जन्म. वडील लवकर गेले. तिथल्या नगरपालिकेच्या स्टेडियममध्ये सामने चालू असताना हा मुलगा सोड्याच्या बाटल्या विकायचा; बाटलीमागे दहा पैसे मिळायचे. विड्यांचा हिशेब हजारावर करणाऱ्या आमच्या सिन्नरला हे दहा पैसे समजावून सांगावे लागणार नाहीत. पुढे केरळ पोलिसांनी त्याचा खेळ पाहून त्याला संघात घेतलं. मग कोलकात्याचा मोहन बागान, फगवाड्याचा जेसीटी, कोचीचा संघ. 1999 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध सामना सुरू झाल्यावर बाराव्या सेकंदाला विजयन यांनी गोल केला. बंगाली प्रेक्षक त्यांना काळं हरीण म्हणत. आपल्या येवल्याच्या ममदापूरला ज्यांनी काळविटाची उडी पाहिली असेल, त्यांना हे नाव अचूक वाटेल.

या काळविटाला पडद्यावर आणताना जयराज या दिग्दर्शकाने धाडस केलं. 'शांतम' हा त्यांचा चित्रपट. राजकीय वैरातून आपल्याच जिवलग मित्राचा खून करून बसलेला तरुण आणि त्याला पोखरणारा पश्चात्ताप, एवढीच कथा. बरोबर के. पी. ए. सी. ललिता आणि सीमा बिस्वास. सीमाताई 'ध्यासपर्व'मधल्या मालतीबाई कर्वे म्हणून आपल्याला परिचित आहेत. अशा कसलेल्या बायांसमोर, अजून मैदानावर खेळत असलेला, अभिनय कधी न शिकलेला माणूस उभा करायचा! 2000 सालच्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'शांतम' सर्वोत्कृष्ट ठरला, ललिताबाईंनाही सहायक अभिनेत्रीचा मान मिळाला.

आम्हाला इथे जयराज यांची नजर महत्त्वाची वाटते. या भूमिकेला विजयन यांचा वेग नको होता. ज्या पायांसाठी देश त्यांना ओळखत होता, ते पाय दिग्दर्शकाने बाजूला ठेवले आणि चेहरा घेतला. अभिनयात सफाई नाही, हे मान्य. पण अपराधाच्या ओझ्याखाली गप्प झालेल्या माणसाला सफाई शोभली असती का?

यानंतर जे झालं त्याचा आम्हाला राग येतो. 2006 चा 'तिमिरु', 2015 चा 'कोम्बन' अशा तमिळ चित्रपटांनी त्यांना बोलावलं ते मारामारीसाठी. काळा रंग, पिळदार शरीर, रोखलेली नजर, एवढं दिसलं की आपल्या सिनेमाला गुंड सापडतो. (दाढी-टोपी दिसली की काय सापडतं, ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.) कळस म्हणजे 2019 चा 'बिगिल'. हा चित्रपट फुटबॉलचा. त्यात नायक अभिनेता फुटबॉलपटू होतो आणि भारताचा कर्णधार राहिलेला खरा फुटबॉलपटू खलपक्षात उभा असतो!

याउलट विजीश मणी यांनी कुरुंबा या आदिवासी बोलीतल्या चित्रपटात त्यांना मध गोळा करणाऱ्या माणसाची भूमिका दिली. म्हणजे पाहणारा डोळा असला की माणूस दिसतो. नागराज मंजुळे यांनी 2022 च्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांकडे असंच पाहिलं. अंकुश गेडामसारख्या मुलाला खेळाडू म्हणून उभं करताना त्याचा राग, लाज, खोडी, सगळं पडद्यावर येऊ दिलं. 'मैदान'मध्ये अभिनेत्यांना फुटबॉल शिकवून रहीमसाहेबांचा संघ उभा केला. तेही मेहनतीचं काम. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर, म्हणून आमचा तिकडे थोडा पक्षपात आहे, हे कबूल करतो.

तेव्हा त्या वडिलांना आमचं उत्तर अर्धवट होतं. विजयन सिनेमात गेले ते खेळाने पोट भरलं नाही म्हणून नव्हे. 2003 साली हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत चार गोल करून ते आंतरराष्ट्रीय खेळातून बाहेर पडले, अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा. पोलीस खात्यातली नोकरी 2025 पर्यंत होती. मलबार स्पेशल पोलिसातून डेप्युटी कमांडंट म्हणून निवृत्त झाले. पद्मश्रीही त्याच वर्षी मिळाली.

हे सांगायला आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. 'शांतम'बद्दल बोलायला सुरुवात केली, तर वडिलांनी मध्येच थांबवलं. मुलाला हाक मारली, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि आम्हाला विचारलं, "सर, पोलिसात उंची किती लागते?"