साक्ष आणि संशय : प्युरिटन अनुभवकथनाचा वाङ्मयीन वारसा

‘प्युरिटन’ हा शब्द मराठी समीक्षेत येतो तो बहुधा विशेषण म्हणून, आणि तोही ‘सोवळा’ किंवा ‘नीतिकर्मठ’ या अर्थाने. देहाविषयीचा संकोच, कलेविषयीचा अविश्वास, काळी वस्त्रे आणि रविवारची लांबलचक प्रवचने असे एक चित्र या शब्दाला चिकटले आहे. (वस्त्रे नेहमी काळी नसत, हा भाग निराळा.) सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या समाजाचे हे चित्र सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही, पण वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग थोडाच. या समाजाने पुढील अमेरिकन साहित्याला दिलेली खरी देणगी त्याच्या निषेधांत शोधून सापडत नाही. ती एका सक्तीत आहे : आपल्या अंतःकरणात काय घडले ते प्रत्येकाने चारचौघांत बोलून दाखवावे आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा निवाडा करावा, ही ती सक्ती.

तिचे मूळ पूर्वनियतीच्या सिद्धांतात आहे. तारण कोणाचे व्हायचे हे ईश्वराने आधीच ठरविलेले असते आणि माणसाच्या सत्कर्मांनी त्यात फरक पडत नाही, ही कॅल्विनची शिकवण मान्य केली की एकच प्रश्न उरतो. आपली निवड झाली आहे, हे ओळखावे कशावरून? इंग्लंडमधील प्युरिटनांना हा प्रश्न छळत होताच. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत तो नागरी व्यवहाराचाही प्रश्न झाला. १६३१ मध्ये तेथे मताधिकार मंडळीच्या सभासद पुरुषांपुरता मर्यादित करण्यात आला, आणि १६३०च्या दशकाच्या मध्यास सभासदत्वासाठी कृपेच्या अनुभवाचे निवेदन आवश्यक ठरले. म्हणजे नागरिकत्वाची वाट एका कथनातून जाऊ लागली. साहित्याच्या इतिहासात कथनावर एवढा भार क्वचितच पडला असेल.

ही निवेदने कशी असत, हे कळण्याचे एक अपूर्व साधन उपलब्ध आहे. केंब्रिज येथील पाळक टॉमस शेपर्ड यांनी आपल्या मंडळीतील सुमारे पन्नास जणांची निवेदने १६३८ ते १६४५ या काळात एका वहीत टिपून ठेवली; ती छापून प्रसिद्ध झाली १९८१ मध्ये. बोलणाऱ्यांत हार्वर्डचे विद्यार्थी आहेत, कारागीर आहेत, विधवा आणि मोलकरणीही आहेत. ज्यांचे बोलणे एरवी कोणी लिहून ठेवले नसते, अशांचे अंतरंग येथे तुटक वाक्यांत उमटले आहे. अमुक प्रवचन ऐकून मन हादरले, अमुक वचनाने धीर आला, पुन्हा अंधार झाला, अशी त्यांची चाल. वाचकाला थबकविणारी गोष्ट ही की, यांतील अनेक जण समुद्र ओलांडून आल्यावर आपले मन अधिकच निर्जीव झाल्याचे सांगतात. नव्या भूमीत कृपा लाभेल, या आशेने ते आले होते. पॅट्रिशिया कॉल्डवेल यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात या निवेदनांची तुलना इंग्लंडमधील समकालीन निवेदनांशी केली आणि नेमके हेच दाखविले : इंग्लंडमधील कथने आश्वस्ततेत विसावतात, अमेरिकन कथने अधांतरी थांबतात.

या निरीक्षणाचे महत्त्व अभ्यासक्षेत्राने पुरेसे ओळखलेले नाही. पेरी मिलर यांनी १९३९ व १९५३ च्या आपल्या दोन खंडांत ‘न्यू इंग्लंडच्या मनाची’ मांडणी केली ती मुख्यत्वे विद्वान पाळकांच्या लेखनावरून. सॅक्व्हन बर्कोविच यांनी १९७८ मध्ये शोकप्रवचनाच्या परंपरेतून थेट राष्ट्राच्या आत्मप्रतिमेपर्यंत रेषा ओढली. ही रेषा भक्कम आहे. पण ती व्यासपीठावरून ओढलेली आहे. बाकांवर बसलेल्यांचे बोलणे जमेस धरले तर वारसा निराळा दिसतो. ईश्वराने आपल्याला कार्य सोपविले आहे, हा व्यासपीठाचा आत्मविश्वास. आपल्या शब्दांवर आपलाच विश्वास बसत नाही, ही श्रोत्याची व्यथा.

हा संशय भाषांतरात पोहोचला तेव्हा त्याला आणखी एक धार आली. जॉन एलियट १६४६ पासून मूलनिवासींत धर्मोपदेश करीत होते. १६५२ मध्ये नॅटिक येथे त्यांनी आपल्या अनुयायांना मंडळीची स्थापना व्हावी म्हणून निवेदने करावयास उभे केले. निवेदने मॅसॅच्युसेट भाषेत, निवाडा करणारे वडील इंग्रजी भाषक, आणि मध्ये भाषांतरकार म्हणून स्वतः एलियट! दिवस सरला, खात्री पटली नाही, निर्णय पुढे ढकलला गेला. ही निवेदने १६५३ मध्ये लंडनला छापली गेली. आपले भाषांतर मूळ बोलण्याहून दुबळेच उतरले असेल, असे एलियट यांनी तेथे नमूद केले आहे. मंडळी स्थापन व्हायला १६६० उजाडले. पुढे १६७५ मध्ये युद्ध पेटताच नॅटिकच्या या ख्रिस्ती मूलनिवासींना बॉस्टनच्या बंदरातील डिअर बेटावर नेऊन ठेवण्यात आले, आणि त्या हिवाळ्यात थंडीने व उपासमारीने त्यांतील कितीतरी मरण पावले. आठ वर्षे तपासून स्वीकारलेली साक्ष त्यांच्या कामी आली नाही.

मराठीचा या परंपरेशी संबंध येतो तो याच मिशनरी वाटेने. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे प्रवर्तक प्युरिटनांच्या मंडळ्यांचेच वारसदार होते. त्यांचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. तथापि बाबा पद्मनजी यांच्या ‘अरुणोदया’सारख्या आत्मकथनाला या परंपरेचे थेट अपत्य म्हणणे घाईचे होईल. पद्मनजींवरील संस्कार मुख्यतः स्कॉटिश व इंग्लिश मिशनांचे. तुलना करायची तर ती श्रोत्यांची करावी : नॅटिकची साक्ष परभाषी परीक्षकांपुढे होती, तर ‘अरुणोदय’ मराठी वाचकापुढे मराठीत उभा आहे.

न्यू इंग्लंडमध्ये हा व्यूह आतूनच ढासळत गेला. दुसऱ्या पिढीला सांगण्याजोगा अनुभव येईना, तेव्हा १६६२ च्या ‘अर्ध-कराराने’ सभासदत्वाची अट सैल करून त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची सोय केली. सेलममध्ये १६९२ साली तर निवेदनाचे विडंबनच झाले. चेटूक केल्याचे कबूल करणारे बहुतेक वाचले; निर्दोष असल्याचे शेवटपर्यंत सांगणाऱ्यांपैकी एकोणीस जण फासावर गेले. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी १६९७ मध्ये भर उपासनेत उभे राहून आपला दोष वाचून घेतला. जॉन हॅथॉर्न यांच्या नावे असे निवेदन नाही.

त्यांच्याच वंशातील नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० ची. तिचा काळ मात्र १६४०च्या दशकातला, म्हणजे शेपर्ड नदीपलीकडे वही लिहीत होते तोच. हॉथॉर्न यांनी ती वही पाहिली असण्याचा संभव नाही. तरीही डिम्सडेल व्यासपीठावरून आपण नीच पापी असल्याचे सांगतो आणि श्रोते त्याला अधिकच पवित्र मानतात, हा प्रसंग त्या वहीवरील भाष्यासारखा वाचता येतो. पापाची कबुली हा संकेत झाला की खरी कबुलीही संकेत म्हणूनच ऐकली जाते. डिम्सडेल आणि हेस्टर यांची अरण्यातील भेट होते तीही तो एलियटला भेटून परतत असताना. एलियट कादंबरीत बोलत नाही, त्याचे अनुयायी दिसतही नाहीत. अरण्य तेवढे उरते. मग अखेरीस वधस्तंभाच्या चौथऱ्यावर डिम्सडेल आपली छाती उघडी करतो. जमावातील बहुतेकांना तेथे अक्षर दिसते, काहींना काहीच दिसत नाही, आणि मरणाऱ्याने कशाची कबुली दिली नाही असेही ते शपथेवर सांगतात. निवेदक कोणाची बाजू घेत नाही.