सॉफ्टवेअर-आधारित रेडिओतील बफर आणि विलंब : एक चिकित्सा

प्रस्तावना :
सॉफ्टवेअर-आधारित रेडिओत संकेत गाळणे, उलगडणे ही कामे स्वतंत्र परिपथांऐवजी संगणकावरील आज्ञावली करते. त्यामुळे संगणक जितका वेगवान तितका विलंब कमी, असा समज रूढ होताना दिसतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे. पालघर-बोईसर परिसरातील मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळांतही स्वस्त यूएसबी रिसीव्हरवर प्रकल्प घेता येतात. म्हणून हा प्रश्न अध्यापनाशी निगडित आहे.

विवेचन :
आरटीएल-एसडीआर रिसीव्हरच्या प्रचलित आज्ञावलीत एका बफरचा मूळ आकार 2,62,144 बाइट असतो. एका नमुन्यास 2 बाइट लागतात, म्हणजे त्यात 1,31,072 नमुने मावतात. सेकंदास 20,48,000 नमुने या दराने तो भरण्यास 64 मिलिसेकंद लागतात. संगणक दहापट वेगवान असला तरी ही प्रतीक्षा टळत नाही. बफर लहान केल्यास विलंब घटतो. परंतु संगणक अन्य कामात गुंतताच नमुने गळण्याचा धोका वाढतो.

हा विलंब दोष ठरतो की नाही, हे उपयोगावर अवलंबून आहे. आकाशवाणी ऐकताना तो जाणवत नाही. याउलट वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात संदेशाची पोच 10 मायक्रोसेकंदांच्या अंतराने द्यावी लागते. तेथे यूएसबीमार्गे संगणकाच्या उत्तराची वाट पाहणे परवडत नाही. ते काम रेडिओतीलच एफपीजीए परिपथाकडे सोपवावे लागते.

नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण तिसरी बाजू दाखविते. तेथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. त्यांच्यासाठी विकसित केलेल्या, संगणक-समूहावर चालणाऱ्या 33 मेगाहर्ट्झ पट्टारुंदीच्या प्रणालीचे वर्णन 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशीय तंतूत संकेतास दर किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, सेकंदास 6.6 कोटी नमुने धरल्यास हा फरक 330 नमुन्यांचा होतो. बफरमधील योग्य स्थानापासून वाचन करून हे संकेत जुळविता येतात. म्हणजेच येथे बफर हा विलंबावरील उपाय ठरतो. निष्कर्ष उशिरा हाती आला तरी चालतो. जुळणी चुकलेली चालत नाही.

निष्कर्ष :
केवळ ‘संकेत मिळाला’ यावर प्रकल्पाचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. नमुना-दरासोबत बफरचा आकार, मोजलेला विलंब आणि गळालेले नमुने यांची नोंद अहवालात अनिवार्य असावी. त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. परीक्षकाने तेवढा प्रश्न विचारणे मात्र आवश्यक आहे.